लेख कशाच्या बळावर टिकतो

२ ऑक्टोबर २०१८ रोजी स्टॉकहोममध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. तीन मानकऱ्यांत कॅनडाच्या डोना स्ट्रिकलँड होत्या. १९०३ मध्ये मेरी क्यूरी, १९६३ मध्ये मारिया गोपर्ट-मेयर आणि त्यानंतर तब्बल ५५ वर्षांनी स्ट्रिकलँड. भौतिकशास्त्रात हा मान मिळवणारी ही तिसरीच स्त्री. बातमी आली तशी जगभरच्या वाचकांनी त्यांची माहिती शोधायला सुरुवात केली आणि इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्या नावाचं पानच नाही, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. ज्यांच्याबरोबर त्यांनी हे पारितोषिक मिळवून देणारं लेसरवरचं संशोधन केलं होतं आणि ज्यांच्याबरोबर पारितोषिक विभागून मिळालं, त्या झेरार मुरू यांच्यावर मात्र आधीपासून लेख होता.

पान लिहायला कुणी बसलंच नव्हतं, असंही नाही. २०१४ मध्ये एकाने त्यांच्यावर लेख टाकला होता. तो मजकूर एका शास्त्रीय संस्थेच्या संकेतस्थळावरून उचललेला निघाला आणि प्रताधिकारभंग म्हणून काढला गेला. चार वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी नवा मसुदा तयार केला. मे २०१८ मध्ये तपासणाऱ्या स्वयंसेवकाने, दिलेल्या संदर्भांवरून या व्यक्तीची उल्लेखनीयता सिद्ध होत नाही, असा शेरा मारून तो परत पाठवला. चारेक महिन्यांनी नोबेल आलं आणि काही तासांच्या आत लेख उभा राहिला.

एकाच व्यक्तीवरचा लेख दोनदा अडला, आणि दोन वेगवेगळ्या नियमांनी अडला. विकिपीडियावर नव्याने लिहायला लागणाऱ्या जवळपास प्रत्येकाची गाठ पहिल्या काही आठवड्यांतच या दोन नियमांशी पडते. उत्साहाने लेख लिहावा, दुसऱ्या दिवशी उघडून पाहावं, तर वर 'पान काढा'चा साचा, म्हणजे सूचनेची पट्टी, लागलेला असतो. अनेक जण तिथेच हात टेकतात. हे नुकसान लिहिणाऱ्याचं आहे तसंच ज्ञानकोशाचंही आहे. मे २००३ पासून चालत आलेल्या मराठी विकिपीडियाला लिहित्या हातांची चणचण कायमच राहिली आहे. म्हणूनच हे दोन नियम नीट समजून घेण्यासारखे आहेत.

उल्लेखनीयतेचा नियम ऐकायला साधा आहे. ज्या विषयाशी ज्यांचा कसलाही हितसंबंध नाही, अशा विश्वासार्ह प्रकाशनांनी त्या विषयावर पुरेशा विस्ताराने लिहिलं असेल, तर त्यावर लेख होऊ शकतो. यातला एकेक शब्द महत्त्वाचा आहे. 'पुरेशा विस्ताराने' म्हणजे नाव नुसतं यादीत येऊन चालत नाही. 'विश्वासार्ह' म्हणजे छापण्यापूर्वी कुणीतरी संपादकाने मजकूर तपासलेला असावा. आणि 'हितसंबंध नाही' ही अट तर सर्वांत जास्त लेखांचा बळी घेते.

समजा, एखाद्या तालुक्याच्या गावी एक कवी आहेत. पदरच्या पैशांनी तीन संग्रह काढलेत. पहिल्याला जवळच्या मित्राने प्रस्तावना लिहिली आहे, दुसऱ्याच्या मलपृष्ठावर शिक्षकांचे चार गौरवाचे शब्द आहेत, प्रकाशन सोहळ्याची बातमी स्थानिक दैनिकात फोटोसह आली आहे आणि पन्नासाव्या वाढदिवसाला त्याच दैनिकाने चार पानी पुरवणी काढली आहे. त्यांच्या पुतण्याला वाटतं, पुरावा याहून आणखी काय हवा? पण प्रस्तावना मित्राची, मलपृष्ठ प्रकाशकाचं, सोहळ्याची बातमी आयोजकांनी पाठवलेली आणि पुरवणी शुभेच्छुकांच्या जाहिरातींवर निघालेली. यातला एकही संदर्भ स्वतंत्र नाही. उलट, त्याच कवीच्या एखाद्या संग्रहाचं सविस्तर परीक्षण अनोळखी समीक्षकाने नियतकालिकात केलं असेल, एखाद्या वाङ्मयेतिहासात त्यांच्यावर दोन पानं असतील, किंवा संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला असेल, तर पारडं लगेच फिरतं. कविता आधी होती तीच आहे. फरक एवढाच, की आता त्यांच्याविषयी परक्या माणसाने, स्वतःच्या जबाबदारीवर काही लिहून ठेवलं आहे.

इथे नव्या लेखकाचा हमखास गैरसमज होतो. लेख काढला म्हणजे आपल्या माणसाला क्षुल्लक ठरवलं, असं त्याला वाटतं. वास्तविक हा नियम माणसाची किंमत करत नाही. त्याच्याविषयी तपासता येईल असं किती लिहिलं गेलंय, एवढंच तो विचारतो. खासदार-आमदारांवर लेख होतात आणि सरपंचांवर सहसा होत नाहीत, याचंही कारण हेच आहे. विधिमंडळाच्या सदस्याविषयी वर्तमानपत्रं, सभागृहाची कामकाजपत्रं, निवडणुकीचे निकाल असा भरपूर स्वतंत्र ऐवज साठतो. सरपंचाने गावासाठी आमदाराहून मोठं काम केलं असू शकेल, पण ते कुणी नोंदवलेलं नसतं. नोंदवलेलं असेल, तर सरपंचावरही लेख होतो. गावावर तर होतोच. जनगणनेत नोंद असलेल्या वस्त्यांच्या बाबतीत विकिपीडिया बराच उदार आहे.

इतकी कडक चाळणी कशासाठी? ऑगस्ट २०१५ मधलं एक प्रकरण पाहिलं की कळतं. इंग्रजी विकिपीडियाच्या स्वयंसेवकांना एकमेकांशी गुंतलेल्या खात्यांचं मोठं जाळं सापडलं. त्यातल्या एका खात्याच्या नावावरून ते 'ऑरेंजमूडी' या नावाने ओळखलं जातं. ही मंडळी नाकारल्या गेलेल्या मसुद्यांवर नजर ठेवायची, ते ज्या छोट्या व्यावसायिकांवर किंवा कलावंतांवर असत त्यांना गाठायची आणि पैसे दिलेत तर लेख चढवून देतो, असं सांगायची. काहींकडून तर लेख चढल्यावर तो 'सुरक्षित ठेवण्यासाठी' पुन्हा पैसे मागितले जात. शेवटी ३८१ खाती बंद करावी लागली आणि २१० लेख काढावे लागले. ज्यांची फसवणूक झाली ती साधी माणसं होती. आपलं नाव ज्ञानकोशात यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ज्ञानकोशातलं पान ही विकत मिळणारी गोष्ट झाली की त्याची पहिली झळ अशाच लोकांना बसते. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने तसं जाहीर केलंच पाहिजे, अशी अट विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०१४ मध्येच वापराच्या शर्तींत घातली होती. स्वतःवर, आपल्या संस्थेवर, आपल्या घरच्यांवर लेख लिहू नये, हा संकेत त्याच काळजीतून आलेला आहे. माहिती असेलच, तर ती लेखाच्या चर्चा पानावर संदर्भांसह द्यावी आणि लेखात काय घ्यायचं ते इतरांना ठरवू द्यावं.

तरीही स्ट्रिकलँड यांचं प्रकरण एवढ्यावर मिटत नाही. शास्त्रज्ञांसाठी विकिपीडियाचे वेगळे निकष आहेत. एखाद्या नामांकित शास्त्रीय संस्थेचं मानाचं सदस्यत्व किंवा अध्यक्षपद असेल, तर ती व्यक्ती लेखाला पात्र धरली जाते. स्ट्रिकलँड २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ऑप्टिकल सोसायटीच्या अध्यक्ष होत्या. म्हणजे मे २०१८ मध्येच त्या निकषात बसत होत्या. मसुदा परत पाठवणाऱ्याने समोरचे संदर्भ पाहिले. आणखी संदर्भ मिळतात का, हे शोधलं असतं तर निकाल वेगळा लागला असता. नियम बरोबर होता, तो वापरण्यात घाई झाली. हजारो मसुदे उपसणाऱ्या विनावेतन स्वयंसेवकाला एकट्याला दोष देणं सोपं आहे, पण न्यायाचं नाही.

विकिमीडिया फाउंडेशनच्या तेव्हाच्या प्रमुख कॅथरीन माहेर यांनी त्या वेळी जे मांडलं, त्याचा आशय असा होता, की जग ज्यांच्याकडे दुर्लक्ष करतं, त्यांच्याकडे विकिपीडियाचंही दुर्लक्ष होतं, कारण तो जगाने लिहून ठेवलेल्यावरच उभा आहे. २०१८ च्या सुमारास इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रलेखांत स्त्रियांवरचे लेख सुमारे १८ टक्के होते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जेस वेड यांनी हे चित्र बदलायचं मनावर घेतलं आणि दुर्लक्षित संशोधकांवर एकामागून एक लेख लिहायला घेतले. त्यांनी अणुरसायनतज्ज्ञ क्लॅरिस फेल्प्स यांच्यावर लिहिलेला लेख २०१९ मध्ये स्वतंत्र संदर्भ अपुरे म्हणून काढला गेला. ११७ क्रमांकाच्या मूलद्रव्याच्या शोधासाठी लागणारं बर्केलियम शुद्ध करणाऱ्या चमूत फेल्प्स होत्या. पुढे त्यांच्याविषयी वर्तमानपत्रांतून अधिक लिहून आलं आणि लेख परत आला.

मराठीत ही अडचण अधिक खोल आहे. तमाशाचे फड, गोंधळी, भजनी मंडळं, भटक्या जमातींतले जाणते, घरोघरी ओव्या जपणाऱ्या बायका यांच्याविषयी लोकांच्या तोंडी पुष्कळ आहे आणि कागदावर फार थोडं. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांवर आज लेख सहज लिहिता येतो. त्यांच्यावर पुस्तक आहे, वृत्तपत्रांतून भरपूर लिहून आलं आहे आणि महाराष्ट्र शासन त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार देतं. पण त्याच काळात, त्याच बोर्डावर नाचलेल्या कितीतरी जणींबद्दल ओळभरसुद्धा छापलेलं सापडत नाही. त्यांच्यासाठी नियम सैल करावा, असं वाटणं स्वाभाविक आहे. तो सैल केला, तर त्या फटीतून आधी बिल्डर आणि बुवा आत येतील. बोर्डावरच्या त्या बाया तरीही बाहेरच राहतील. काम उलट्या टोकाने करावं लागेल. ज्याला अशा कलावंताची माहिती आहे, त्याने आधी मुलाखत घ्यावी, लेख लिहावा, एखाद्या संपादित नियतकालिकाला किंवा दिवाळी अंकाला द्यावा. छापून आलेला तो लेख पुढे कुणा तिसऱ्याच्या उपयोगी पडतो.

आता दुसरा नियम. उल्लेखनीयतेवरून वाद घालता येतो. प्रताधिकारात मात्र कायदा उभा असतो, म्हणून तिथे विकिपीडियाचे प्रचालक चर्चेला फारसे थांबत नाहीत. उचललेला मजकूर दिसला की तो जातो.

भारताचा प्रताधिकार कायदा १९५७ चा. तो विचारांना संरक्षण देत नाही, मांडणीला देतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे नेमकं सांगितलं. आनंद यांचं म्हणणं होतं, की 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आपल्या 'हम हिंदुस्तानी' नाटकावरून उचलला आहे. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. कल्पना, विषय, कथानकाचा गाभा, ऐतिहासिक घटना यांवर कुणाचीही मालकी नसते. मालकी असते ती त्या कशा शब्दांत आणि कशा रचनेत मांडल्या यावर. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये टेलिफोन डिरेक्टरीच्या एका खटल्यात याच दिशेचा निकाल दिला: नुसती तथ्यं कुणाच्या मालकीची नसतात, मग ती गोळा करायला कितीही घाम गाळलेला असो.

हे प्रत्यक्ष लिहिताना कसं उतरतं, ते पाहायला रायगड घेऊ. नवा लेखक हमखास एखाद्या किल्ल्यापासून सुरुवात करतो. त्याच्या हाताशी सहलीत घेतलेली एक माहितीपुस्तिका आहे. तिच्यात, समजा, असं वाक्य आहे: 'सह्याद्रीच्या कुशीत निधड्या छातीने उभा असलेला, शिवरायांच्या राज्याभिषेकाचा साक्षीदार ठरलेला हा दुर्गराज आजही प्रत्येक मराठी मनाला साद घालतो.' लेखक ते जसंच्या तसं घेतो. तो झाला सरळ प्रताधिकारभंग. कुणीतरी टोकलं, की तो शब्द बदलतो: 'सह्याद्रीच्या कुशीत' ऐवजी 'सह्याद्रीच्या कड्यांत', 'दुर्गराज' ऐवजी 'गडांचा राजा', 'साद घालतो' ऐवजी 'हाक मारतो'. वाक्याचा सांगाडा तोच, क्रम तोच, प्रतिमा त्याच. हीसुद्धा नक्कलच आहे, आणि विकिपीडियावर सर्वांत जास्त चालणारी नक्कल हीच आहे.

त्या वाक्यातलं तथ्य तेवढं वेगळं काढलं तर हाती काय राहतं? किल्ला सह्याद्रीत आहे आणि तिथे राज्याभिषेक झाला. बाकी सगळा फुलोरा. मग लेखकाने दुसरं पुस्तक उघडावं, तिसरं उघडावं, आपल्या वहीत टिपणं काढावीत आणि पुस्तकं मिटून लिहावं: 'रायगड हा रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यातील डोंगरी किल्ला आहे. ६ जून १६७४ रोजी येथे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला.' वाक्यं कोरडी वाटतील, पण ती त्याची स्वतःची आहेत. पुढे संदर्भ लावला की कुणालाही तपासता येतात. प्रताधिकार सांभाळायला निघालेला लेखक इथे नकळत ज्ञानकोशाची भाषाही शिकून जातो, कारण उचललेल्या मजकुराबरोबर 'प्रत्येक मराठी मनाला' असली विधानंही आत येतात आणि ती कोणत्याच संदर्भाने सिद्ध करता येत नाहीत.

जुना मजकूर मोकळा कधी होतो, हा पुढचा प्रश्न. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षं मोजायची. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले. त्यांच्या साहित्यावरचा विश्वभारतीचा हक्क १९९१ अखेर संपणार होता. तो संपू नये म्हणून मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली आणि १९९२ मध्ये कायदाच तसा दुरुस्त झाला. टागोरांसाठी केलेली वाढ अर्थातच सगळ्यांना लागू झाली. त्यामुळे ११ जून १९५० रोजी गेलेल्या साने गुरुजींनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून भारतात मोकळं झालं, १९५६ मध्ये गेलेल्या बा. सी. मर्ढेकरांचं १ जानेवारी २०१७ पासून. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले. त्यांच्यासाठी १ जानेवारी २०३० पर्यंत थांबावं लागेल. पु. ल. देशपांडे यांचं साहित्य मोकळं व्हायला २०६१ उजाडेल. 'जुनंच तर आहे' हा हिशेब इथे कामाचा नाही.

आणखी एक बारकावा आहे. हयातीत अप्रकाशित राहिलेल्या लेखनाची ६० वर्षं मृत्यूपासून मोजली जात नाहीत, प्रकाशनापासून मोजली जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः प्रसिद्ध केलेली पुस्तकं २०१७ पासून मोकळी आहेत. पण त्यांचं 'रिडल्स इन हिंदुइझम' महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये प्रथम छापलं, त्यामुळे या नियमाने त्याची मुदत २०४७ अखेरपर्यंत जाते. शिवाय विकिपीडियाचे सर्व्हर अमेरिकेत असल्याने तिथला कायदाही पाहावा लागतो, आणि तिथे काही परदेशी पुस्तकांना प्रकाशनापासून ९५ वर्षांचं संरक्षण मिळतं. म्हणून विकिस्रोत या ग्रंथसंग्रहावर अख्खं पुस्तक चढवण्याआधी जाणत्या सदस्याला विचारलेलं बरं. टिळकांच्या 'गीतारहस्य'सारख्या, १९१५ मध्ये छापलेल्या आणि ज्याचा लेखक १९२० मध्ये गेला अशा ग्रंथाला यातली कुठलीच अडचण येत नाही.

लेखक हयात असेल आणि त्याची हरकत नसेल तर? 'माझं पुस्तक विकिपीडियावर खुशाल वापरा' असं लेखकाने तोंडी सांगितलं, ईमेलवर कळवलं, तरी ते पुरत नाही. याने अनेक जण चक्रावतात. विकिपीडियावरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्याखाली येतो, त्यानुसार तो कुणीही घेऊ शकतं, बदलू शकतं, छापून विकूसुद्धा शकतं. अट दोनच: मूळ कर्त्याला श्रेय द्यायचं आणि आपण केलेलं रूपही त्याच परवान्याने खुलं ठेवायचं. म्हणजे लेखकाची संमती विकिपीडियापुरती असून भागत नाही, ती साऱ्या जगासाठी असावी लागते. 'व्यापारी वापर सोडून' अशी पुस्ती जोडली तरी परवानगी बाद होते. हे सगळं लेखकाला आधी समजावून सांगणं ही परवानगी मागणाऱ्याची जबाबदारी आहे. अंधारात ठेवून मिळवलेली सही कुणाच्याच हिताची नाही. संमती मिळाली, तर परवान्याचा नेमका उल्लेख असलेलं पत्र विकिमीडियाच्या परवानगी तपासणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटाकडे ईमेलने पाठवतात आणि ते तिथे नोंदवलं जातं.

अशी संमती मिळू शकते, याचं उत्तम उदाहरण शेजारच्या गोव्यात आहे. गोवा विद्यापीठाने चार खंडांचा कोंकणी विश्वकोश तयार केला होता. २०१३ मध्ये विद्यापीठाने हा सबंध कोश क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुला केला आणि विद्यार्थी व स्वयंसेवकांनी तो विकिस्रोतासाठी टंकित करायला घेतला. कोंकणीसारख्या, महाजालावर मजकूर कमी असलेल्या भाषेला एका निर्णयाने चार खंडांचा पाया मिळाला. महाराष्ट्रात कितीतरी संस्थांच्या कपाटांत स्मरणिका, चरित्रकोश, स्थानिक इतिहास पडून आहेत. त्यांची विक्री केव्हाच थांबली आहे. त्यांच्या विश्वस्तांपुढे हा पर्याय कुणीतरी नीट मांडायला हवा.

छायाचित्रांच्या बाबतीत चूक सहज होते. फोटोत जो आहे, त्याचा फोटोवर हक्क नसतो. सहसा ज्याने काढला, त्याचा असतो. एखाद्या लेखिकेने आपला समारंभातला फोटो हौसेने पाठवला, तरी तो ज्या छायाचित्रकाराने काढला त्याची परवानगी लागते. गूगलवर मिळालेला, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो विकिमीडिया कॉमन्स या खुल्या चित्रसंग्रहावर चालत नाही. पुस्तकाचं मुखपृष्ठ, चित्रपटाचं पोस्टर हेही नाही. चौकात कायमचा बसवलेला पुतळा किंवा इमारत यांचा स्वतः काढलेला फोटो मात्र भारतीय कायद्यानुसार चालतो.

या हक्कावरून २०११ नंतर एक अजब वाद गाजला. ब्रिटिश छायाचित्रकार डेव्हिड स्लेटर इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावर माकडांचे फोटो काढत असताना एका माकडाने कॅमेऱ्याचं बटण दाबून स्वतःचाच फोटो काढला. कॉमन्सने तो चढवून ठेवला, कारण त्यांच्या मते तो माणसाने काढलेलाच नव्हता. २०१४ मध्ये अमेरिकेच्या प्रताधिकार कार्यालयाने, प्राण्याने निर्माण केलेल्या गोष्टीला प्रताधिकार मिळत नाही, असं स्पष्ट केलं. पुढे माकडाच्या वतीने खटलाही भरला गेला आणि २०१८ मध्ये तो अपिलातही फेटाळला गेला. स्लेटर यांचं म्हणणं होतं, की आपण दूरच्या बेटावर जाऊन, दिवसच्या दिवस घालवून ती संधी निर्माण केली. त्यांची व्यथा खोटी म्हणता येत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण इंग्रजी लेख समोर ठेवून भाषांतर करतात. याला पूर्ण मुभा आहे, पण श्रेय द्यावं लागतं. पान जतन करताना संपादन सारांशात 'इंग्रजी विकिपीडियावरील अमुक लेखाचा अनुवाद' एवढं लिहून मूळ लेखाचा दुवा दिला की काम झालं. इंग्रजी वृत्तपत्रातल्या लेखाचं भाषांतर मात्र चालत नाही, कारण भाषांतराचा हक्कही मूळ कर्त्याकडेच असतो.

लेखावर साचा लागलाच, तर पहिली गोष्ट म्हणजे तो स्वतः काढून टाकू नये. चर्चा पानावर जाऊन नेमकी हरकत काय आहे, ते विचारावं. उल्लेखनीयतेची हरकत असेल, तर युक्तिवादापेक्षा दोन चांगले संदर्भ अधिक बोलतात. प्रताधिकाराची असेल, तर मजकूर लगेच आपल्या शब्दांत लिहायला घ्यावा. आणि सुरुवातच सदस्य पानाला जोडून असलेल्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, केली, संदर्भ लागेपर्यंत लेख तिथेच ठेवला, तर ही वेळ बहुधा येत नाही. आधी संदर्भ जमवायचे आणि मग पहिलं वाक्य लिहायचं, ही सवय लावून घेतलेल्यांचे लेख क्वचितच उडतात.

संदर्भ म्हणजे महाजालावरचा दुवा, हा समज मराठीपुरता तर फारच महागात पडतो. विकिपीडियाला छापील पुस्तक, जुनं वर्तमानपत्र, मासिक तितकंच मान्य आहे, ते ऑनलाइन नसलं तरी. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. अशा ग्रंथालयांत, गावोगावच्या वाचनालयांच्या संदर्भ विभागांत, जुन्या मासिकांच्या बांधीव फायलींत मराठी माणसांविषयी जे छापून ठेवलेलं आहे, त्यातलं पुष्कळसं अजून कोणत्याही शोधयंत्राला सापडत नाही. तिथे बसून टिपण काढताना पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष आणि पान क्रमांक, तर वर्तमानपत्र असेल तेव्हा दैनिकाचं नाव, आवृत्ती, तारीख आणि पान एवढं वहीत उतरवून घ्यावं. त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये स्वतःपुरता ठेवायला हरकत नाही. तो कॉमन्सवर चढवायचा नाही.